अतिप्रसंग झाला; पुढे?

मराठी वर्तमानपत्रांना ‘बलात्कार’ हा शब्द जड जातो तेव्हा ती ‘अतिप्रसंग’ लिहितात. शब्द नीट पाहा. त्यात बाई नाही, पुरुष नाही, काही करणारा कोणीच नाही. एक प्रसंग होता आणि तो जरा जास्त झाला, एवढंच. हा शब्द मला आवडत नाही हे सांगायला मी हा लेख लिहीत नाहीये. माझी तक्रार अशी आहे की आपल्या कादंबऱ्यांनी आणि नाटकांनीही बाईवरच्या हिंसेकडे प्रसंग म्हणूनच पाहिलं. प्रसंग आपल्याला उत्तम लिहिता येतो: अंधार, पावलांचा आवाज, फुटलेल्या बांगड्या. तो आटोपला की त्या बाईचं काय करावं ते लेखकाला कळेनासं होतं. मग तिला विहीर दाखवायची, वेड लावायचं, नाहीतर हातात हत्यार द्यायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठते, दात घासते आणि दूध उतू गेलं म्हणून स्वतःवर चिडते, हे लिहायला फारसं कोणी बसत नाही.

मी साहित्याची विद्यार्थिनी नाही. इंजिनिअरिंग केलं, हिंजवडीत कोड लिहिते आणि भाडं परवडतं म्हणून पिरंगुटला राहते. पण माझ्या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सर्व्हर कोसळतो तो क्षण लॉगमध्ये दोन ओळींचा असतो. नंतरची कहाणी लांबलचक. कुठला डेटा गेला, कशावर आता भरवसा ठेवायचा नाही, काय वरून चालू दिसतंय पण आतून चुकीची उत्तरं देतंय. डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला म्हणून कोणी शहाणा माणूस लगेच घरी जात नाही. बाईची तुलना मशीनशी करते म्हणून कोणी रागावेल. रागवा. घटना किती छोटी आणि तिचे परिणाम किती लांब, हे ज्याला नोकरीपुरतं का होईना कळतं, त्याला आपल्या पुस्तकांत हे प्रमाण उलटं का असतं हा प्रश्न पडणारच.

आणि कादंबरीत तर ते उलटं असायला काहीच कारण नाही. नाटकाला अडीच तासांत उरकावं लागतं. कादंबरीकडे दहा वर्षं असतात, हवी तर तीन पिढ्या असतात. ‘नंतर’ लिहायला यापेक्षा सोयीचा प्रकार माणसाने अजून शोधलेला नाही.

सुरुवात आपल्या थोर कादंबरीपासूनच करते. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली. यमू आपली हकीगत स्वतः सांगते. एका पुरुष लेखकाने बाईचा ‘मी’ एवढ्या लांबवर सांभाळला याचं आजही आश्चर्य वाटतं. यमूचा नवरा जातो आणि तिचं जबरदस्तीने केशवपन केलं जातं. शाळेत आपल्याला केशवपन ‘रूढी’ म्हणून शिकवलं. बाईला धरून ठेवायचं आणि तिच्या मनाविरुद्ध तिच्या अंगावर वस्तरा चालवायचा, याला दुसरा शब्द आहे, आणि ती पानं वाचताना आपट्यांना तो ठाऊक होता असं मला वाटत राहतं. पण त्यानंतर यमू फार दिवस उरत नाही. मरते.

आता त्याच वर्षांत कादंबरीच्या बाहेर काय चाललं होतं ते पाहा. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. तिथे सुरुवातीलाच दाखल झालेल्या विधवांमध्ये गोदूबाई होती, अगदी लहानपणी विधवा झालेली. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. १८९३ मध्ये गोदूबाईने धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, मुरूडच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार टाकला, आणि हीच गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून म्हातारी झाली आणि तिने ‘माझे पुराण’ लिहिलं. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांची डोकी भादरायला नकार दिला तोही याच सुमारास. म्हणजे यमू ‘करमणूक’च्या पानांवर मरत होती तेव्हा त्याच पुण्यात दुसरी एक विधवा शाळेत जात होती, अभ्यास चुकला की बोलणी खात होती आणि भूक लागली की जेवत होती.

आपट्यांना मी दोष देत नाही. वाचकाला गदागदा हलवायचं होतं आणि जिवंत यमूने तो हलला नसता. यमूचं मरण हा समाजाच्या दारात टाकलेला अर्ज होता. माझा राग पुढच्या सव्वाशे वर्षांवर आहे. एका काळाच्या निकडीतून लिहिलेला अर्ज आपण छापील फॉर्मसारखा वापरत राहिलो. नाव बदला, गाव बदला, खाली सही करा.

फॉर्मची दुसरी प्रत सुडाची. जयवंत दळवींचं ‘पुरुष’ घ्या. शिक्षिका अंबिका, राजकारणातला गुलाबराव. दळवी ‘नंतर’मध्ये शिरतात हे कबूल करायला हवं. घर कसं ढासळतं, आपली म्हणवणारी माणसं कशी पाय मागे घेतात, हे त्यांनी दाखवलं आणि ते खरं आहे. पण शेवटी अंबिका गुलाबरावाचं पुरुषत्वच कापून टाकते आणि नाटक संपतं. प्रेक्षागृहात समाधान पसरतं. मला मात्र दुसऱ्या दिवसाचं सुचत राहतं. अंबिका आता कुठे आहे? कोठडीत. जामीन कोण देणार? खटल्यात तिच्यावरच्या बलात्काराचा पुरावा आता तिच्याविरुद्धच, हेतू म्हणून, वापरला जाणार का? यातली एकही गोष्ट रंगमंचावर येत नाही, कारण सूड दिला की लेखकही सुटतो आणि प्रेक्षकही.

यावर कोणी म्हणेल, कादंबरी-नाटकांनी काय होतं, त्या वाचतं कोण? मी उलट विचारते: न्यायाधीश काय वाचतात? म्हणजे पुस्तकं नव्हे. समोर उभ्या राहिलेल्या बाईची गोष्ट खरी की खोटी हे ठरवताना त्यांच्या मनात कुठली गोष्ट आधीपासून वस्तीला असते?

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. आपण तिला मथुरा म्हणून ओळखतो. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारणांत ठळक काय होतं? मुलीच्या अंगावर झटापटीच्या जखमा नाहीत. तिने ओरडा केल्याचं पटत नाही. हा कायद्याचा युक्तिवाद आहेच, पण जरा लांबून पाहिलं तर ही एका वाईट वाचकाची तक्रारही आहे. त्याला हवं ते कथानक मिळालं नाही. खरी पीडित बाई कशी असते हे त्याला पक्कं माहीत होतं: ती झुंजते, किंचाळते, रक्तबंबाळ होते आणि शक्यतो जगत नाही. रात्री दोन पोलिसांच्या ठाण्यात गोठून गेलेली पोर त्या गोष्टीत बसेना. आदिवासी, गरीब, आधीच एका मुलाबरोबर राहू पाहणारी पोर तर मुळीच बसेना.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असं बाईने सांगितलं तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं. प्राध्यापकांच्या पत्राने जे केलं ते कादंबरीकारांना का सुचलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण चाळीसहून अधिक वर्षं झाली. मथुरेच्या निकालावर लेख आहेत, प्रबंध आहेत, कायद्याच्या पहिल्या वर्षाला तो शिकवला जातो. निकालानंतर तिने दिवस कसे काढले यावर आपल्याकडे एखादी तरी कादंबरी असायला हवी होती.

अरुणा शानभागचं तर याहून विचित्र झालं. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएममध्ये वॉर्डबॉयने हल्ला केला. त्याला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल. बलात्काराचा आरोपच ठेवला गेला नव्हता. अरुणा १८ मे २०१५ ला गेली. मधली जवळपास ४२ वर्षं ‘नंतर’च होतं. पण आपण त्या वर्षांत कोणता प्रश्न विचारला? तिला मरू द्यावं की नाही. पिंकी विराणींच्या पुस्तकामुळे आणि याचिकेमुळे त्या प्रश्नाला वजन आलं, २०११ च्या निकालाने देशात इच्छामरणाचा कायदा घडू लागला, हे सगळं महत्त्वाचं आहे. तरीही मला राहून राहून त्या परिचारिकांचं वाटतं. पिढ्या बदलल्या, जुन्या निवृत्त झाल्या, जिने अरुणाला चालताबोलताना कधी पाहिलंच नाही अशी मुलगी ड्युटीवर आली आणि तिनेही तिला कुशीवर वळवलं, भरवलं, पुसलं. एवढ्या वर्षांत तिच्या पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत. पहाटेच्या पाळीत असं काम करणाऱ्या बाईच्या डोक्यात काय चालत असेल? स्वतः त्याच जिन्यांवरून रात्री जाताना? कादंबरीसाठी एवढं तयार साहित्य केईएमच्या एका खोलीत चार दशकं पडून होतं. आपण जीवन-मरणावर परिसंवाद घेतले.

मराठीत ‘नंतर’ लिहिलंच गेलं नाही, असं मात्र नाही. ते आत्मचरित्रांत लिहिलं गेलं. मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ चं. त्यात एका मोठ्या कवीच्या घरातली मारहाण आहे, आजार आहे, मूल आहे, पैशांची ओढाताण आहे, आणि त्याच माणसावरचं न संपणारं प्रेमही आहे. हे शेवटचं फार अवघड. आपल्या साच्यातली बाई मारणाऱ्यावर प्रेम करू शकत नाही. केलं तर ती पीडित राहत नाही. मल्लिकाबाईंनी दोन्ही एकाच पानावर ठेवलं. पण ते आत्मचरित्र ना, म्हणून आम्ही ते ‘कोणाबद्दल आहे’ यावरच बोलत बसलो. बाईने खरं लिहिलं तर गॉसिप होतं, आणि कल्पित लिहायला बसलं तर पुन्हा विहीर आणि कोयता. २०१७ ला आलेल्या मीना कंदसामींच्या ‘व्हेन आय हिट यू’ या इंग्रजी कादंबरीत यावर एक कडू विनोद आहे: मुलगी मारहाणीच्या लग्नातून सुटून आली, आणि काही वर्षांत आईच्या तोंडी त्या सगळ्याची गोष्ट उरली ती पोरीच्या भेगाळलेल्या पायांची आणि डोक्यातल्या उवांची. गोष्ट कोणाच्या ताब्यात आहे यावर सगळं ठरतं, आणि कंदसामींची नायिका ती आईच्या हातून काढून घेते, स्वतः सांगायला.

इथे कायद्याचीही एक गंमत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नवऱ्याने प्रौढ बायकोवर केलेल्या जबरदस्तीला बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेलंच आहे. म्हणजे लग्नाच्या आत कित्येक बायका ज्याच्या ‘नंतर’मध्ये राहतात, ते कायद्याच्या लेखी कधी घडलेलंच नसतं. जे कायद्यात मावत नाही ते कादंबरीने सांभाळायचं असतं असा माझा भोळा समज आहे.

कविता महाजनांनी ते केलं, आणि त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं तेही पाहण्यासारखं आहे. ‘ब्र’ २००५ ला आली. मोडलेल्या लग्नातून बाहेर पडलेली प्रफुल्ला एका संस्थेच्या कामासाठी फिरू लागते आणि पंचायतींत निवडून आलेल्या बायकांना भेटत जाते, त्यात आदिवासी बायका पुष्कळ. त्यांच्यावर काय काय होतं ते तिला कळतं. तिचं स्वतःचं दुखणं कादंबरीभर आहे, पण ते खुर्चीवर बसून राहत नाही. माझ्या मते हाच या पुस्तकाचा मोठा शोध आहे. घाव बसलेली बाई बरी होते ती खिडकीतून पाऊस बघत नव्हे. दुसऱ्याच्या भानगडीत पडून, वेळ मोडून, थकून, मध्येच कोसळून, परत निघून. ‘भिन्न’मध्ये त्यांनी हेच एचआयव्हीबाबत आणखी कठोरपणे केलं.

आणि मी ज्या ज्या वाचनगटांत ‘ब्र’चं नाव काढलं तिथे कोणीतरी एक वाक्य म्हटलंच: चांगलं आहे हो, पण कादंबरी कमी आणि अहवाल जास्त. हे म्हणणारे बहुधा वाचलेले, समंजस लोक असतात. त्यांना मला विचारायचंय की शेतकऱ्याच्या कर्जाचे आकडे आले की ते वास्तववाद, आणि महिला सरपंचावर अविश्वास ठराव कसा आणतात याचे तपशील आले की अहवाल, हे कसं? कादंबरीत कागदपत्रं येणं हा दोष नाही. हिंसेनंतरचं आयुष्य कागदपत्रांनीच भरलेलं असतं. जबाब, पंचनामा, वैद्यकीय तपासणी, रजेचा अर्ज, तारखेचं समन्स. ते काढून टाकून फक्त आतली तगमग ठेवायची म्हणजे बाई पुन्हा त्या एका रात्रीत कोंडायची. ‘ब्र’मध्ये काही ठिकाणी माहितीचं ओझं गोष्टीला वाकवतं, हे मलाही दिसतं. पण ते ओझं उचलायला दुसरं कोण आलं होतं?

उलट बाजूचा धोकाही सांगते, नाहीतर माझ्या म्हणण्यावरून उद्या कोणी प्रेरणादायी पुस्तक काढेल. माझ्या एका जुन्या कंपनीत दर वर्षी लैंगिक छळ प्रतिबंधाचं ऑनलाइन ट्रेनिंग असायचं. त्यातली कार्टून-बाई तक्रार करायची, समिती ऐकायची, आणि शेवटच्या स्लाइडवर ती हसत लॅपटॉपसमोर बसलेली असायची. ८० टक्के मार्कांना प्रमाणपत्र. त्याच कंपनीत तक्रार केलेली एक सहकारी पुढचे सहा महिने एकटी जेवत होती, हे कुठल्या स्लाइडवर नव्हतं. हसरी ‘सर्व्हायव्हर’ ही मेलेल्या यमूचीच दुसरी बाजू आहे. दोघींनाही पुढे काही होत नाही. राज्य सरकारने २०१३ मध्ये पीडितांना अर्थसहाय्य देणारी योजना काढली, तिचं नावही ‘मनोधैर्य’ ठेवलं. पैसे हवेत, योजना हवी, पण बाईत कमतरता असते ती धैर्याची हे कोणी ठरवलं?

तसं मराठीत ‘सर्व्हायव्हर’ला धड शब्दच नाही. पीडिता, अत्याचारग्रस्त, बळी. गावाकडे म्हणतात, ‘वाचली बिचारी.’ मला ‘तगली’ हा शब्द जवळचा वाटतो. लावलेलं रोप तगतं तसं. त्यात पराक्रम नाही, आणि ते मेलेलंही नाही.

तगण्याचे परिणामही नाट्यमय नसतात, पण असतात. ऑगस्ट २०१३ मध्ये शक्ती मिलमधल्या अत्याचारानंतर त्या छायापत्रकार मुलीने तक्रार दिली, आपल्याला कामावर परतायचंय असं तिने सांगितल्याच्या बातम्या आल्या. मग त्याच जागी आधी अत्याचार झालेली दुसरी मुलगी पुढे आली. एका तगलेल्या मुलीमुळे दुसरीला तोंड उघडता आलं, केवढी मोठी गोष्ट आहे! आपल्या आठवणीत मात्र काय राहिलं? फाशी झाली का, ती २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर का आणली. पुण्यातही तेच. २००७ आणि २००९ मध्ये इथे आयटी-बीपीओत काम करणाऱ्या दोघींचं अपहरण होऊन बलात्कार आणि खून झाले. नंतर कंपन्यांच्या कॅबचे नियम बदलले: रात्री शेवटी उतरणारी बाई नको, असलीच तर सोबत गार्ड. आज माझ्या वयाच्या हजारो मुली त्या दोघींच्या ‘नंतर’मध्ये रोज कॅबने घरी येतात, आणि गार्डकाकांना त्यांच्या मुलीच्या दहावीचं विचारतात. याची कथा नाही. ‘मुळशी पॅटर्न’ आला २०१८ मध्ये, आमच्या तालुक्याचं नाव घेऊन, आणि जमिनी विकलेल्या घरांतल्या पोरांचं त्याने दाखवलेलं खोटं नाही. पण तालुक्यातली हिंसा म्हटलं की कोयत्याचीच गोष्ट होते. कोयता धरणाऱ्याच्या घरात भांडी घासणारीची होत नाही.

तेव्हा कोणी लिहिणार असेल तर मला हवी असलेली कादंबरी सांगून ठेवते. ती पिरंगुटमध्ये घडावी. बाई कारखान्यात पॅकिंगला असावी किंवा माझ्यासारखी कोड लिहिणारी, काहीही चालेल. अत्याचार पहिल्या पानाच्या आधी होऊन गेलेला असावा आणि तो मला दाखवू नये. पुढे पौडचं पोलीस ठाणं यावं, ससूनचा कॉरिडॉर यावा, शिवाजीनगर कोर्टाचं आवार यावं. किती तारखा पडल्या त्या सगळ्या याव्यात, कंटाळा येईपर्यंत. वाचकाला कंटाळा आला तर येऊ दे, तिलाही आलेलाच असतो. तिच्या आईने एकदा वैतागून म्हणावं, ‘बाई गं, आता मिटव.’ आणि आई वाईट नसावी. रजा संपल्यावर मॅनेजरने सहानुभूतीने तिचं काम दुसऱ्याला देऊन टाकावं. मधल्या एका प्रकरणात तिला कोणीतरी आवडावं आणि त्याला कधी, किती सांगायचं यावर तीस पानं जावीत. एका तारखेला जज रजेवर असावेत, पुढची तारीख अडीच महिन्यांनी पडावी, आणि पीएमपीच्या बसमध्ये उभ्याने येताना चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये तिच्या लक्षात यावं की सकाळपासून आपल्याला ती रात्र एकदाही आठवली नाही, आठवला तो वकिलाने मागितलेला झेरॉक्सचा खर्च. मग घोटवडे फाट्यावर उतरून तिने मेथीची जुडी घ्यावी, भाव जास्त सांगितला म्हणून भांडावं. हे पुस्तकाच्या मध्यावर कुठेतरी असावं. पुढे आणखी दोनशे पानं शिल्लक असताना.